थैलीवरचा ओला रंग

१

तैलरंगाचं एक बरं असतं, त्याला वाळायला किती दिवस लागतात ते ठरलेलं असतं. जवसाच्या तेलातला रंग पातळ लावला तर आठ-दहा दिवसांत वाळतो, जाड थापला तर महिना-दोन महिने घेतो, आणि फारच हात सैल सोडला तर वर्षभर. चोवीस वर्षं तो ओला राहत नाही. हे मी नगरच्या हायस्कुलात बारा वर्षं मुलांना शिकवत आलोय. मुलं मला मागून 'खोडरबर' म्हणतात, कारण रेघ बरोबर येईपर्यंत मी कुणाला सोडत नाही, स्वतःलाही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना हा ड्रॉइंग मास्तर हलक्या डोक्याचा होता असं कुणाला वाटायला नको.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये खैरदरा स्टेशनातलं तैलचित्र साफ करायचं काम माझ्याकडे आलं. दौंड-मनमाड लाइनवरचं हे एवढंसं स्टेशन. एक फलाट, एक कडुनिंब, एक वेटिंग रूम, आणि वेटिंग रूमच्या भिंतीवर वाफेच्या इंजिनाचं हे भलंमोठं चित्र. उंच धुराडं, पितळी घुमट, पुढे दोन दिवे. ते इंजिन गेल्या शतकात विलायतेहून आलेलं, तसलं दुसरं आता कुठे शिल्लक नाही, म्हणून चित्र दिल्लीच्या संग्रहालयात जायचं होतं. पण कोळशाच्या काजळीने ते तव्यासारखं काळं झालेलं. रेल्वेच्या साहेबांनी आमच्या हेडमास्तरांना विचारलं, हेडमास्तरांनी मला विचारलं, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो.

त्या चित्रात, इंजिनाच्या डाव्या अंगाला, फलाटावर उजवा हात उंचावून उभा असलेला निळ्या सदऱ्यातला पोर्टर माझा बाप आहे.

२

आमच्या लाइनीला रूळ एकच. जाणारी गाडी आणि येणारी गाडी त्याच रुळावरून. म्हणून स्टेशन मास्तरच्या खोलीत एक लोखंडी यंत्र असतं. पुढचा रस्ता मोकळा असला तरच मास्तर त्यातून एक पोलादी गोळा काढतो, मोठ्या लिंबाएवढा. तो चामड्याच्या थैलीत टाकायचा. थैली वेताच्या मोठ्या रिंगला बांधलेली असते. पोर्टरने ती रिंग हात वर करून फलाटावर धरायची आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिनातून हात काढून ती दंडात अडकवायची. रिंग मिळाली की पुढे जायला हरकत नाही. धावत्या गाडीत थैली चाचपून बघायची सवय तेव्हा कुणालाच नव्हती.

एकोणपन्नास साली बारा-दहाच्या गाडीला माझ्या बापाने, आबांनी, अशी रिंग दिली. मैलभर पुढे, खिंडीत, गँगची माणसं रूळ बदलत होती. सहा पुरुष आणि त्यांची भाकरी घेऊन गेलेली कडूबाई, सातही जण आमच्याच गावचे. खिंडीला वळण आहे. इंजिन त्यांच्यावरून जाऊन ओढ्यात उलटलं, ड्रायव्हरही गेला. रिंग सापडली, थैलीत गोळा नव्हता.

तेव्हाचे मास्तर म्हणाले, गँग खिंडीत असल्याचं मला ठाऊक होतं, मी गोळा काढलाच नव्हता. पोर्टरने रिकामी रिंग दिली. आबा म्हणाले, थैली जड होती. सगळ्यांच्या आधी खिंडीत मास्तर पोचले, त्यांनीच गोळा परत आणून यंत्रात टाकला असणार, असंही आबा म्हणाले. चौकशीत मास्तर खरे ठरले आणि आबांची नोकरी गेली. पुढे बारा वर्षं ते जगले. शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात फार दुखायचा, आई तेल लावून चोळून द्यायची, आणि ते छताकडे बघत म्हणायचे, "थैली जड हुती."

गावाने आम्हाला वाळीत टाकलं नाही. वाकडा शब्दही कुणी काढला नाही. फक्त त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणी गावातलं कुणी प्यायलं नाही. आई रोज सकाळी उंबऱ्याशी तांब्या भरून ठेवते आणि दिवेलागणीला तो तुळशीत ओतते. यंदाच्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, घोटभर पाण्यासाठी माणसं कोसभर चालली, पण तो तांब्या काही कुणी उचलला नाही. नगरला माझ्याकडे चल म्हटलं की ती म्हणते, "मी गेल्यावर कुनी आलं तर?"

आता चित्राचं. मुंबईचा एक चित्रकार आठ दिवस फलाटावर ठाण मांडून ते रंगवत होता. इंजिन, डबे, मागची खिंड, सगळं काढून झालं होतं. पोर्टर तेवढा राहिला होता, तो त्याने अपघाताच्या दिवशी रंगवला. त्याच संध्याकाळी चित्र तिथेच टाकून तो निघून गेला आणि चौकशीला शेवटपर्यंत सापडला नाही. म्हणजे आबांच्या हातातली थैली त्या दुपारी कशी होती, ते एका माणसाने डोळ्यांनी बघून रंगवून ठेवलं होतं. फुगलेली असली तर आबा खरे. तेव्हा चौकशीत ते बघायचं कुणाला सुचलं नाही; आता उत्तर काजळीखाली होतं आणि ते काढल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हतो.

३

पहिल्या दिवशी स्टेशन मास्तर सुमंतांनी वेटिंग रूम उघडून दिली. मोठे सज्जन गृहस्थ. "तीन दिवस आहेत तुम्हाला," म्हणाले, "चौथ्या दिवशी चित्राची पेटी दिल्लीला जाणार." मदतीला पोर्टर दिला, भिमाजी. भिमाजी म्हणजे खिंडीत मेलेल्या गँगच्या मुकादमाचा, कारभारीचा मुलगा. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा. त्याने शिडी आणली, टर्पेंटाइनचा डबा आणला, चहा आणला. मी माझ्या सुरईतलं पाणी पुढे केलं तेव्हा म्हणाला, "नगं, आत्ताच पिलो."

बारा-दहाची गाडी आजही येते. भिमाजी रिंग घेऊन फलाटावर गेला. हात वर करायच्या आधी त्याने अंगठ्याने थैली दाबली आणि मोठ्याने म्हणाला, "हाय." खिडकीतून सुमंत म्हणाले, "आहे." मगच हात वर गेला. हा रिवाज या एकाच स्टेशनाचा आहे. कुठल्या नियमाच्या पुस्तकात तो नाही, आणि कधीपासून पडला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कामट्यांना कापूस गुंडाळून मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. मागची खिंड निघाली, तीत गँगची माणसं, तपकिरी रंगाचे सात बारीक फटकारे. मग इंजिनाचं धुराडं निघालं, मग आबांचा निळा सदरा. तिसऱ्या प्रहरी मी थैलीपाशी आलो. कापूस दोनदा फिरवला आणि माझा हात थांबला. थैली फुगलेली होती. खाली गोल, आणि गोलाईवर उजेडाचा एक पांढुरका ठिपका. मी शिडीवरच बसलो आणि रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डोळे पुसून कापसाकडे पाहिलं. बाकीचा कापूस काळा होता, हा तपकिरी. मी बोटाचं टोक थैलीला लावलं. रंग बोटाला आला.

टर्पेंटाइन जास्त झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. जुना रंग टर्पेंटाइनने कधीकधी सुटतो. मग एक मोठा ट्रेसिंग पेपर चित्रापुढे अलगद धरून सगळी बाह्यरेषा उतरवून घेतली. खिंड, सात फटकारे, इंजिन, आबा, थैली. पुरावा हवा म्हणून.

४

संध्याकाळी घरी गेलो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, माणूस दारात उभं राहिलं की तिला फक्त सावली कळते. मी तिचा हात धरून सांगितलं, "आई, थैली भरलेली हाय. आबा खरं बोलत हुते."

ती चुलीतलं लाकूड मागे ओढून म्हणाली, "नीट बघ. उद्या परत बघ."

"मी बघितलंय ना."

"तू बघायच्या आधीच ठरवून गेल्ता, मच्छिंद्र. म्हनून सांगती."

मला राग आला. ज्या माणसासाठी मी झटतोय त्याच्याच बायकोने असं बोलावं? मी न जेवता आडवा झालो. तिने माझं ताट झाकून ठेवलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी थैली सपाट होती.

पांढुरका ठिपका नव्हता. गोलाई नव्हती. रिकामं चामडं लोंबावं तशी थैली लोंबत होती. मी स्वतःला शिव्या घातल्या. बारा वर्षांचा मास्तर, आणि जास्त घासून उजेडच पुसून टाकला. मग कालचा कापूस उलगडून पाहिला. त्यावर पांढऱ्याचा कणसुद्धा नव्हता. ट्रेसिंग पेपर चित्रापुढे धरला. इंजिन तंतोतंत जुळलं, फलाट जुळला. थैलीची कालची गोल रेघ मात्र आजच्या थैलीच्या बाहेर, हवेत राहिली.

आणि खिंडीतले सात फटकारे जुळले नाहीत. प्रत्येक फटकारा कालच्या रेघेपासून बोटभर अलीकडे होता, स्टेशनच्या बाजूला.

कागद सरकला असेल. उकाड्याने ताणला असेल. पण मग इंजिनही सरकायला हवं होतं. मी पट्टी घेतली आणि मोजलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं. खोलीत कोळशाच्या धुराचा वास भरला होता आणि अजून गाडीला दीड तास होता. मी भिमाजीला हाक मारून विचारलं, रात्री इथे कुणी आलं होतं का? तो म्हणाला, किल्ली सुमंत सायबांकडं असते. मग चित्राकडे बघून म्हणाला, "ही मान्सं काल इतकी म्होरं नव्हती."

"तू नीट बघितली नसतील."

"मास्तर, त्यातला म्होरला माझा बाप हाय," तो म्हणाला. "काल निघाला तवापासनं बघतोय." आणि घंटा द्यायला निघून गेला.

मी काम सोडलं नाही. इंजिनाची चाकं साफ केली, वाफेचा ढग साफ केला, आबांचे बूट साफ केले. आबांच्या सदऱ्याची बटणं निघाली, चार. कॉलरची शिवण निघाली. इतकं नीट काम पाहून चित्रकाराबद्दल आदर वाटला, आणि मी पुन्हा त्या बटणांकडे पाहिलं.

धावत्या गाडीला रिंग देणारा माणूस किती वेळ दिसतो? हात वर जातो, रिंग जाते, हात खाली येतो. तेवढ्यात बटणं मोजून होत नाहीत. मी आबांच्या पायांकडे पाहिलं. भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल. कंबर थोडी कललेली. वर्गात मी मुलांपुढे एखाद्याला मॉडेल म्हणून उभं करतो, तेव्हा पाच-दहा मिनिटांनी तो अस्साच उभा राहतो. हा गाडीला रिंग देणारा माणूस नव्हता. हा चित्रासाठी उभा केलेला माणूस होता.

गाडी यायच्या आधी चित्रकार आबांना म्हणाला असणार, जरा रिंग घेऊन उभे राहता का? रिकामीच चालेल. हात वर. हलू नका. आणि शिकल्यासवरल्या माणसाने सांगितलं म्हणून आबा हलले नाहीत. गाडी आली तरी हात वरच राहिला, आणि ड्रायव्हरने ती रिकामी रिंग उचलली.

त्या रात्री मी आईला काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

६

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मी दार लावून शिडीवर चढलो. ठरवूनच गेलो होतो. एक माणूस भला होता, दुसऱ्याच्या हौसेपायी त्याच्या हातून चूक झाली, आणि तिच्यापायी माझी आई चोवीस वर्षं तांब्या भरतेय. ती चूक निस्तरायला एक पांढुरका ठिपका पुरे होता. दिल्लीला कोण तपासणार? मी पॅलेटवर पांढरा काढला, त्यात चिमूटभर पिवळा घातला. थैलीचा रंग ओलाच होता. माझ्या ब्रशची वाट बघत असल्यासारखा चकाकत होता.

खिंड रिकामी होती. ती सात माणसं फलाटाच्या टोकाला, उतरणीवर उभी होती.

मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि ब्रश उचलला. बाहेर दगडावर फावडं घासल्याचा आवाज झाला. मग दुसरं फावडं. दुष्काळी कामावरची माणसं असतील, रस्त्याला खडी फोडताहेत, मी स्वतःला सांगितलं. खिडकीतून पाहिलं. फलाट मोकळा, उन्हात रूळ पांढरे पडलेले, कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. आवाज थांबला होता. मी परत वळलो.

ती फलाटावर आली होती. आबांच्या समोर सातही जण पाठमोरे उभे होते, एकाच्या खांद्यावर फावडं, एका पाठीवर लुगड्याचा पदर. ती आबांच्या हाताकडे, थैलीकडे बघत होती. त्यांच्या डोक्यांवरून आबांचं डोकं आणि वर धरलेला हात तेवढा दिसत होता, आणि तो थरथरत होता. रंगवलेला हात थरथरत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या पायांखालची शिडी हलत असेल. पण शिडी हलत नव्हती. मी पायांकडे बघून खात्री केली.

वर पाहिलं तेव्हा आबांनी मान वळवली होती. चेहरा म्हणून तिथे काही नव्हतं, ब्रशचा एक आडवा फटका. तो फटका माझ्याकडे वळलेला होता.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मला एकदम कळलं की मी ठिपका दिला तर हा हात कधीच खाली येणार नाही. मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. शिडी उतरलो. दार उघडलं आणि भिमाजीला हाक मारली. तो रिंग घेऊन निघाला होता, गाडीला दहा मिनिटं होती.

"भिमाजी," मी म्हणालो, "थैली रिकामी हुती. आबांनी रिकामी रिंग दिली. तुझा बाप आमच्या मानसामुळं गेला."

भिमाजीने रिंग खाली केली. मग म्हणाला, "आमची आई मरताना येवढंच इचारत हुती, त्यांच्यातलं कुनी कबूल झालं का. आमाला काय पायजे हुतं, मास्तर? येवढंच पायजे हुतं."

त्याने हातातली थैली माझ्यापुढे धरली. मी अंगठ्याने दाबली. आत पोलाद होतं, गार आणि जड. "हाय," मी म्हणालो. खिडकीतून सुमंत म्हणाले, "आहे." गाडी आली, रिंग घेतली आणि खिंडीकडे निघून गेली.

खोलीत परत गेलो ते चित्राकडे पाठ करूनच. पेटीसाठी आणलेली चादर मागच्या मागे वर टाकली, भिमाजीने आणि मी चित्र उतरवून पेटीत घातलं, खिळे ठोकले. चादरीखाली काय होतं ते मी पाहिलं नाही. चित्र दिल्लीला गेल्यावरही कधी पाहायला गेलो नाही.

७

घरी पोचलो तेव्हा दिवस बराच वर होता. आई ओट्यावर बसली होती. तिच्यापुढे घरातले सगळे पेले, वाट्या, एक लोटीसुद्धा, पालथी घालून ठेवलेली. उंबऱ्याशी तांब्या आडवा पडला होता, रिकामा.

"आई, मला काही सांगायचंय."

"थैली रिकामी हुती," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय. त्यांचा हात चोळताना बारा वर्सं ऐकलंय मी. खरं बोलनारा मानूस रोज तेच तेच बोलत न्हाई." मग तिने पेल्यांकडे हात केला. "पानी प्यायला लोकं आली हुती. तुझी बारा-दहाची गेली, तवाच."

"दुष्काळी कामावरची असतील. बाहेरगावची." मी लगेच म्हणालो.

"असत्याल. फावडी हुती त्यांच्याजवळ. एक बाईमानूस हुती. तिनं माझ्या हातातनं तांब्या घेतला अन् सगळ्यास्नी पानी वाढलं. लई तहानली हुती."

मी पेले मोजले. मग परत मोजले, वाट्या आणि लोटी धरून.

"आई, आठ हायेत."

"आठच आले. आठवा मागं उभा हुता, काई बोलंना. समद्यांनी पिल्यावर मग पिला." तिचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता. "जाताना माझ्या म्होरं बसला, अन् म्हनाला, उजवा हात लई अवघडलाय, जरा चोळून दे."

"कोण होता?"

"असं इचारायचं असतं व्हय?" आई म्हणाली. "दिला चोळून."

तिने हात माझ्यापुढे उघडले. दोन्ही तळवे निळे होते. मी बोट लावलं, रंग बोटाला आला. त्याला जवसाच्या तेलाचा वास होता. मी फडकं घासलेटात बुडवून आणलं आणि तिचा हात धरला, पण तिने मूठ मिटून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "आज राहू दे."